तात्या विषय बदलायला आले

मी भूगोल हौसेनं घेतला असं वाटतं तुम्हाला? अहो, भूगोल सुटावा म्हणून मी सख्ख्या बापाला सांगलीच्या कॉलेजात घेऊन गेलो होतो.

साठ-पासष्टच्या दरम्यानची गोष्ट. बी.ए.ला भूगोल स्पेशल घेऊन मी पस्तावलो होतो. नकाशा काढायला बसलो की घाम फुटायचा. म्हटलं, मराठी घेऊ. पण अर्जावर वडलांची सही हवी, तीही भूगोलाच्या सरांसमोर. तात्या पलूसहून आले. महायुद्धात ते फौजेत हवालदार होते. काय बोलायचं ते मी त्यांना वाटेतच पढवलं.

सरांच्या खोलीत शिरताच तात्या म्हणाले, "आवं सर, पोराला ह्यो विषय झेपंना. बदलून द्या."

"देऊ की," तात्यांच्या कोटावरचं फौजेतलं पदक बघत सर म्हणाले. "तुम्ही फौजेत कुठं होता?"

"इटलीत."

"इटलीत कुठं?" सरांनी भिंतीवरच्या नकाशाकडं बोट केलं.

झालं! तात्या पटका सावरत उठले. "हितं उतरलो. ह्या डोंगरात बर्फानं अडकलो. ही नदी छातीएवढ्या पाण्यातनं वलांडली." तासभर ते बोलत होते आणि सर चक्क वहीत उतरवून घेत होते. शेवटी मी हळूच अर्ज पुढं केला.

"तात्या, सही."

"कसली सही? येवढा भारी विषय सोडतूस व्हय रं?" म्हणत त्यांनी अर्ज टराटरा फाडला.

मग काय, भूगोलातच बी.ए. झालो. थर्ड क्लास. निकाल ऐकून तात्या म्हणाले, "तरी मी सरांस्नी म्हनलं हुतं, ह्याच्याऐवजी मला बसवा."