अण्णांची द्राक्षबागेतली किक

फुटबॉलवरनं भांडायला आमच्या नाशिक रोडला वर्ल्डकप लागत नाही, मधूअण्णा पुरतात. नव्वद सालच्या आसपास ते आमच्या क्लबचे बॅक, म्हणजे गोल वाचवणाऱ्या फळीत, होते. परवा ग्राउंडवर आमच्या क्लबचा सुन्या पेटला, "अण्णांना कुणी मानलंच नाही! ते असताना आपण एक-शून्यनं किती मॅच काढल्या!"

ओझरच्या टीमचा पक्या उसळला, "कशा काढल्या ते पण सांग! तुमचा एक गोल झाला, की हे बॉल थेट शेजारच्या द्राक्षबागेत हाणायचे. बागवाला बॉल द्यायचा नाही, दुसरा बॉल कुणाकडे नसायचा. मॅच खलास!"

"तीच तर कला! पण आज त्यांना ओळखतं कोण?"

अण्णा मागेच उभे होते. म्हणाले, "असं नको म्हणू रे. तो बागवाला मला बघितलं की अजून फाटक लावून घेतो."