मेस्त्री म्हणाला, ‘छान झालंय!’

मंडळी, ऐका! एक सोपा प्रश्न. घरातलं माणूस कुरकुर करत नाही, म्हणजे ते सुखात आहे का? — लगेच माना डोलावू नका, आधी गोष्ट ऐका!

धाकू मेस्त्री नावाचा सुतार. देवळातली पालखी त्याच्या हातची! आणि जीभ? पटाशीपेक्षा धारदार! बायको शेवंतीनं ताट वाढलं, की हा सुरू — ‘सार खारट! भात करपलाय! बांगडा शिळा!’ बिचारी एका गोड शब्दाला आसुसलेली.

आणि एका पावसाळ्यात काय नवल! मेस्त्री जेवला, हात धुतला आणि म्हणाला — ‘छान झालंय हो!’ मग रोजच तसं! शेवंतीला आकाश ठेंगणं! नारळ फोडला तिनं देवापुढं! — बायांनो, हसताय काय? तुम्ही दोन फोडले असते!

मेस्त्रीचं नाक तेवढं चोंदलेलं. उजव्या नाकपुडीतून मधेच रक्त यायचं. शेजारी म्हणाले — ‘घोळणा फुटला, उष्णता!’ कांदा हुंगायला दिला, टाळूवर पाणी थापलं. गावातले डॉक्टर म्हणाले, ‘लाकडाच्या भुशानं सर्दी झालीय, नाकात थेंब घाला.’ त्यांना तरी काय दोष द्यायचा? बहुतेकांना सर्दीच असते हो!

दिवाळी झाली. एकदा शेवंती विहिरीवरून येते तो काय — चुलीवर दूध करपलंय, वास पार अंगणात! आणि मेस्त्री चुलीकडे पाठ करून करवतीला कानस मारतोय!

‘अहो! वास येत नाही?’

मेस्त्रीची मान खाली. ‘नाही गो. पावसाळ्यापासून नाही. चवही कळत नाही.’

‘मग रोज छान झालंय म्हणायचात ते?’

‘पहिल्यांदा सहज बोललो, तर तू केवढी हसलीस! मग सांगवेना.’

शेवंतीनं करपलेलं दूध उतरवलं, चूल विझवली! दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन तालुक्याला, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. नाकातला कॅन्सर! लाखात एखाद्याला होणारा! ऑपरेशन झालं, मेस्त्री वाचला — रोग पोचलेला उजवा डोळा मात्र काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, ‘पावसाळ्यातच आला असतात तर डोळाही राहिला असता.’

शेवंती ढसाढसा रडली. ‘मी मेली कौतुकाला भुलले!’ मेस्त्रीनं तिचा हात धरला. ‘आणि मी तुझ्या हसण्याला, गो.’

मंडळी, प्रेमच होतं ते! पण त्या प्रेमापायी दुखणं आत वाढत गेलं. म्हणून सांगतो — एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येतंय, नाक मोकळंच होत नाही? कांदा भाजीत घाला आणि दुर्बिणीच्या डॉक्टरांकडे जा!

आणि ते मागच्या खांबापाशी बसलेले काका — हो, तुम्हीच! आत्ता नाक पुसून रुमाल पटकन खिशात कोंबलात. काढा तो बाहेर. आधी काकूंना दाखवा. नामाचा गजर मग करू!