भावनाची विहीर

...अन् वरून माही पोरगी मलेच म्हणते, "बाबा, चपला बाहेर काढा." तुमाले सांगतो, मी भेणारा माणूस नाई, तीस वर्षं आर्वी डेपोत गाड्यायच्या खाली झोपून ब्रेक पाह्यले, पण वर्ध्याच्या त्या हॉलात जो अंधार होता... भावना चित्रकलेचं शिकते, तिचं पयलं प्रदर्शन, म्हटलं भिंतीवर चित्रं असतीन, हात मागं बांधून पाहू, 'छान छान' म्हणू अन् दोनच्या गाडीनं घरी. तर भिंती कोऱ्या. चित्र कुठं? पायाखाली.

पाय ठेवला अन् जमीन फाटली. खाली विहीर, दगडी, शेवाळलेली, अन् पार तळाले पाणी हालून राह्यलं. पाय उचलला का जमीन जुळे, ठेवला का फाटे. "बाबा, नुसता उजेड आहे तो, वरून मशीन पाडते," भावना पलीकडच्या टोकाहून सांगे. आता तो उजेड आहे हे पायाले कोण सांगन? सात वर्षांचा असताना हिंगणीच्या विहिरीत पडलो होतो मी, अन् ही हुबेहूब तीच. मी भेणारा माणूस नाई, पण दाराची चौकट काई हातातून सुटत नव्हती.

अन् माही बायको, धुरपता, खुशाल चालत गेली, वरून मधात वाकून पाहे, म्हणे, "पाणी मोठं नितळ आहे हो." माणूस आहे का दगड?

"बाबा, नसन जमत तर राहू द्या," भावना म्हणे, पण आवाज असा पडला तिचा... सहा महिने खपली पोरगी, अन् बापच दारातून परतन काऊन? बसलो खाली अन् रांगत निघालो. डोळे मिटले तर पाण्याचा आवाज वाढे, उघडले तर तळ दिसे. तास तरी रांगलो असन. पलीकडं पोहचून घड्याळ पाह्यलं तर तीन मिनिटं झालती. भावनानं हात धरला, तर तिचाच हात गार. म्हणे, "तुमीच सांगितलेली विहीर आहे, बाबा. तवा तुमाले कसं वाटलं असन, ते मले समजून घ्याचं होतं."

शर्ट झटकला, म्हटलं चाला, अंधारात कोणी पाह्यलं नाई. तेवढ्यात समोरची भिंत उजळली, अन् तिच्यावर मी, हत्तीएवढा, रांगत, 'माय वो, माय वो' करत... "मशीनले कॅमेरा आहे, पाच मिनिटं मागचं दाखवते, बाबा," भावना खाली मान घालून म्हणे. मी भेणारा माणूस नाई, पण भिंतीवरचा तो चांगलाच भेत होता. लोकायनं टाळ्या वाजवल्या. एक बाई तर डोळे पुसत होती.

अन् भावनाचे सर म्हणतात, "हे रांगणं पुसायचं नाही, रोज दाखवायचं." आता मी आर्वीले आरामात खुर्चीवर बसून तुमच्यासंग चहा पिऊन राह्यलो, अन् तिकडं वर्ध्याले, रोज अकरा ते पाच, अजून पंधरा दिवस, मीच भेऊन राह्यलो.