साठ मुलं, सतराशे सत्तर जोड्या

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अण्णारावजी, व्यासपीठावरील सर्व पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते आमचे मुज्तबा सर, समोर बसलेल्या बानोभाभी, शिक्षकवर्ग, पालक आणि विद्यार्थी मित्रांनो,

आज शनिवार, तीस एप्रिल दोन हजार अकरा. सकाळी सरांनी नेहमीसारखे दोन तास घेतले. दुपारी वीज नव्हती. चार वाजता खुर्च्या लावल्या आणि पाच वाजता मला सांगण्यात आलं, "शिवलिंगअप्पा, तुम्ही पण दोन शब्द बोला." चौदा वर्षं मी या क्लासचे प्रवेशाचे फॉर्म तपासतो. फॉर्म तपासणाऱ्याला सहसा कुणी बोलायला सांगत नाही, त्यामुळे मला सवय नाही.

सर उद्या लातूर सोडून नांदेडला, मुलाकडे राहायला जाणार. त्याआधी, मी त्यांच्यावर घेतलेला एक संशय इथं सांगायचा आहे. निरोपाच्या सभेत हे शोभतं का? कदाचित नसेल. पण पुन्हा कधी सांगणार?

सरांचा पहिला तास अनेकांना आठवत असेल. सर पैज लावायचे, "या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला निघणार." मुलं हसायची. दिवस तीनशे पासष्ट, मुलं ऐंशी; जुळणार कसं? मग सर सगळ्यांना उभं करून म्हणायचे, "एक जूनवाले बसून घ्या." खेड्यात जन्मतारीख माहीत नसली की शाळेत एक जून टाकतात, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. वीसेक मुलं बसायची. एकदा एक पोरगा बसता बसता ओरडला, "सर, आमच्या गुरुजीनं समद्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलंय!"

उरायची साठ. जानेवारीपासून एकेकानं तारीख सांगायची. डिसेंबरपर्यंत चार-पाच जोड्या निघायच्या. मग वाद.

अध्यक्षसाहेब, पहिल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात, "मास्तर, ही हातचलाखी हाय. तुम्ही आधीच फॉर्म बघून राहिले."

सर म्हणाले, "साहेब, तुम्ही तुमची तारीख धरून बसलात. माझ्याशी कोण जुळतो, हा सवाल वेगळा. मी म्हणतो, कुणाचीही कुणाशीही. मुलं साठ, पण जोड्या किती? सतराशे सत्तर. अहो, तेवीस मुलं असली तरी शक्यता निम्म्याच्या वर जाते."

साहेबांना ते पटलं नाही. आजही पटलं नसेल. मलाही पटलं नव्हतं, कारण फॉर्मच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, आणि सर अधूनमधून ती मागून न्यायचे.

जून दोन हजार पाच. मी वर्गात मागे हजेरी घेत उभा होतो. औशाची कहकशां नावाची मुलगी बोलली, "चौदा डिसेंबर." लगेच इस्लापूरची एक मुलगी म्हणाली, "अगं बाई, माझी बी चौदाच!" दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

चौदा डिसेंबर सत्त्याऐंशी ही माझ्या मुलीची, ऋतुजाची जन्मतारीख. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात ती दोन दिवसांसाठी किल्लारीजवळ आजोळी गेली होती. भूकंपानं ते घर राहिलं नाही. त्या दोघी मुली तिच्याच वयाच्या होत्या.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं. "ऋतुजाची तारीख तुम्हाला माहीत होती?"

"होती. तुमच्या घरून बानोला कळली होती."

"आणि फॉर्मही बघितले होते. हे होणार, ते तुम्हाला ठाऊक होतं." आणि मग मी म्हणालो, "दुसऱ्याच्या मेलेल्या लेकराचा खेळ करता?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "अप्पा, ठाऊक असतं तर तीच एक तारीख टाळली असती." पुढे त्यांनी हिशोबही सांगितला. आठ वर्षं, बत्तीस बॅचेस. त्यांतल्या एखादीत नेमकी हीच तारीख जुळायची शक्यता तीनात एक. "इत्तफाक हाय, अप्पा. नवल न्हाई."

"तुमचं गणित तुमच्यापाशी ठेवा," असं म्हणून मी निघालो. दोन महिने बोललो नाही.

संशयी माणूस स्वस्थ बसत नाही. मी आठ वर्षांचे फॉर्म काढले आणि रोज थोडे तपासले. दोन हजार एकच्या एका बॅचमध्ये चौदा डिसेंबरची दोन मुलं सापडली. ही जोडी मी ऐकली कशी नव्हती? मग आठवलं. त्या दिवशी नोव्हेंबर झाल्यावर सरांनी एकदम खडू उचलला आणि शिकवायला सुरुवात केली. मुलं ओरडत होती, "सर, डिसेंबरवाले राह्यले की!" सरांनी मागे वळून पाहिलं नाही. आदल्या दिवशी त्यांनी किल्ली नेली होती.

म्हणजे अध्यक्षसाहेब, तुमचा संशय खरा होता. सर फॉर्म बघायचे. कशासाठी, ते तेव्हा तुम्हालाही कळलं नाही आणि मलाही.

मग दोन हजार पाचला का बघितले नाहीत? की बघूनही त्या मुलींना बोलू दिलं, बारा वर्षांनी अप्पाला आता ऐकवेल म्हणून? ही शंका अजून आहे. विचारायला मी किती वेळा सरांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. सर, मान हलवू नका. मला आज उत्तर नको.

बोलणारा शेवटी चुकलंमाकलं माफ करा म्हणतो, ती रीत असते. माझं खरोखर चुकलं आहे. त्या दिवशीचं ते वाक्य, सर, मी या सगळ्यांसमोर परत घेतो. सहा वर्षं उशीर झाला. बानोभाभी, तुम्हीही मला माफ करा.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांचा आभारी आहे. जेवण वरच्या मजल्यावर आहे. कुणी न जेवता जाऊ नका. ऑफिसच्या खिडक्या उघड्या राहिल्यात, त्या लावून मी येतो. सोबत कुणी यायची गरज नाही.