जादा तेल

आमच्या पाळकसाहेबांचा उपदेश आम्ही किती मनावर घेतो, ते सांगतो. येरवड्यातल्या आमच्या मंडळीची वेल्ह्याच्या जंगलात सहल ठरली, तेव्हा त्यांनी आदल्या रविवारी बायबलमधला दहा कुमारींचा दाखला घेतला. नवरदेवाची वाट पाहताना पाच मूर्ख कुमारींचे दिवे तेलावाचून विझायला लागले. पाच शहाण्यांनी जादा तेल नेलं होतं. "सामान बांधताना हे आठवा," साहेब म्हणाले. निघताना त्यांनी सगळ्यांचे मोबाइल चर्चच्या कपाटात ठेवले. प्रार्थनेत व्यत्यय नको, म्हणून.

डोंगरावर प्रार्थना लांबली. अंधारून आलं आणि खालच्या गावापर्यंतची वाट दिसेना.

"टॉर्च काढा," साहेब म्हणाले.

सगळ्यांनी पिशव्यांतून टॉर्चचे नवे कोरे सेल काढले.

"अहो, सेल नव्हे, टॉर्च!"

"उपदेश तेलाचा होता ना, साहेब," थोरातकाका म्हणाले. "तुमची टॉर्च कुठाय?"

साहेबांनी खिशातून सेलचं पाकीट काढलं.

आता रात्र तिथंच काढायची, हे सगळ्यांना कळलं. माझी बायको दगडावर टेकली आणि म्हणाली, "साहेब, त्या मूर्ख पाचजणींकडे निदान दिवे तरी होते."