नवख्या माणसाचा मान

बाळाची आई : आजी, ती खिडकी लावा.

आजी : खिडकी लावून सूप काय भिंतीतून देऊ? नाटक संपलं की सगळी चर्चमंडळी इथंच तुटून पडणार आहे. सरक तिकडं, वाट्या पूस.

बाळाची आई : आजी, तो आलाय.

आजी : कोण तो? नाताळचं नाटक म्हटलं की निम्मं गाव येतं. वर्षभर देवाला तोंड न दाखवणारेही येतात.

बाळाची आई : बाळाचा बाप.

आजी : कुठंय?

बाळाची आई : वाकून बघू नका, दिसाल त्याला. अगदी मागचं छोटं बाक, खांबापलीकडचं. राखाडी कोट. बटणंही काढलेली नाहीत अजून.

आजी : मी काय कंदील आहे लांबून दिसायला? हं. भिंतीकडं बसलाय तो? केस चापूनचोपून बसवलेले?

बाळाची आई : तोच.

आजी : अगं बाई. त्याला तर मीच आत घेतलं. पायरीवर बूट झटकत उभा होता. म्हटलं, ये बाबा, आत ये, गारठशील. पहिल्यांदाच आलोय म्हणाला. इतका गोड बोलला मेला, की मी त्याला सूप आहे म्हणूनही सांगितलं.

बाळाची आई : गोडच बोलतो तो. माझा दात पडला तेव्हा डॉक्टरांनाही त्यानंच सांगितलं, जिन्यात घसरली म्हणून. माझा हात हातात धरून सांगितलं. मी नुसती मान हलवली.

आजी : खाली बस आधी. ओट्याच्या आड, जमिनीवर. ही घे माझी शाल. दात वाजतात किती तुझे, बाहेर ऐकू जातील. खिडकी लावते. झालं?

बाळाची आई : बाळ तिकडं गव्हाणीत आहे आणि मी इकडं.

आजी : गव्हाणीत आहे म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

बाळाची आई : त्याच्याही.

आजी : त्याला पत्ता लागला कसा पण? थंडी पडल्यापासून तू इथं चर्चच्या वरच्या खोलीत आहेस. कोपऱ्यावरच्या दुकानातही गेली नाहीस.

बाळाची आई : तालमीचा फोटो टाकला ना मुलांनी फोनवर. यंदाचा बाळ येशू म्हणून. मी नको म्हणत होते.

आजी : चेहरा कुठं दिसत होता त्यात? नुसतं गाठोडं दिसत होतं.

बाळाची आई : कान दिसत होता. वरून मुडपलेला. त्यांच्या घरात सगळ्यांचे तसेच आहेत. त्याची आई तर बाळंतपणात पहिला कानच बघायला आली होती.

आजी : फोटोला मीच हो म्हटलं. लपवून ठेवलेलं मूल कोमेजतं, चार माणसांत आणा त्याला, असं मीच डोक्यात भरवलं तुझ्या. आता मला बोल काय बोलायचं ते, पण नंतर. कोण आहे? दार कोण ढकलतंय?

पाळकबाई : मी आहे आजी. खिडकी का लावलीत? ही अशी खाली का बसलीय?

आजी : पाळकबाई, दार लावून घ्या आणि हळू बोला. हिचा नवरा आलाय. मागं बसलाय, खांबापलीकडं.

पाळकबाई : नक्की तोच आहे?

बाळाची आई : त्याची मान मी अंधारातही ओळखेन, बाई.

पाळकबाई : थांबा. पोलिसांना लावते फोन. हॅलो... हो, चर्चमधूनच. तो आत बसलाय. नाही, अजून काही केलं नाही त्यानं. त्यानं काही करायची वाट बघणार का तुम्ही?... बरं. लवकर या.

आजी : काय म्हणतात?

पाळकबाई : येतायत. पण पुलावर बर्फ गोठलाय, गाड्या गोगलगायीसारख्या चालल्यात म्हणे. तोवर मी जाऊन बोलते त्याच्याशी. बाहेर जायला सांगते.

आजी : काय सांगणार? कुणीही या, कसेही या, दार उघडं आहे, असं फाटकावर रंगवून ठेवलंय तुम्ही. एवढाल्या अक्षरांत. माझी शाळा दुसरीत सुटली, तरी मलाही वाचता येतं.

पाळकबाई : त्याच अक्षरांखालून हीसुद्धा आत आली, आजी.

आजी : आली. म्हणून तर जीव वर आलाय माझा. अक्षरं पुसा म्हणत नाही मी. पण त्याच्याशी बोलायला जाल, तो छान हसेल, तुमच्याशी हात मिळवेल आणि तुम्ही दोन मिनिटांत त्याच्यासाठी प्रार्थना करायला लागाल. मी ओळखते तुम्हाला.

पाळकबाई : मग मी एवढंच करते. आज बाळाला हातोहात फिरवायचं नाही. बाळाला बरं नाही म्हणून सांगते.

बाळाची आई : हातोहात म्हणजे? तालमीत तर बाळ गव्हाणीतच असायचं.

पाळकबाई : तालमीत नाही करत ते. शेवटचं गाणं झालं की बाळ गव्हाणीतून उचलायचं आणि रांगेरांगेनं मागं द्यायचं. प्रत्येकानं क्षणभर छातीशी धरायचं. आजींनीच सुरू केलं हे.

आजी : केलं. वर्षभर एका बाकावर बसायचे लोक, आणि शेजारच्याचं नाव माहीत नसायचं. मूल हातात आलं की माणूस शेजारी बघतोच, घाई होते ना पुढं द्यायची.

बाळाची आई : आणि शेवटी कुणाकडं जातं बाळ?

पाळकबाई : शेवटी...

आजी : सांगा की. अडखळता कशाला? जो पहिल्यांदा आलाय, त्याच्याकडं. नवख्या माणसाचा मान. त्यानं बाळाला मधल्या वाटेनं चालत नेऊन परत गव्हाणीत ठेवायचं. तेही माझंच डोकं.

बाळाची आई : मधली वाट दारासमोरून जाते, आजी.

आजी : माहीत आहे मला.

पाळकबाई : म्हणूनच थांबवते ना. बाळ तिथूनच उचलून आत आणते.

बाळाची आई : नका. तुम्ही बाळाला उचललंत की तो उठेल. मी बाप आहे म्हणेल, डोळ्यांत पाणी आणेल. रस्ताभर बायकोला आणि बाळाला शोधत आलो म्हणेल. इथली माणसं भली आहेत, बाई. हसत हसत देतील त्याच्या हातात. टाळ्यासुद्धा वाजवतील.

आजी : वाजवतील. आमच्यात दोघंतिघं तर रडतीलही.

बाळाची आई : आणि एकदा बाळ तिकडं गेलं की मी मागोमाग जाणार. त्याला ठाऊक आहे ते. त्याला बाळ नकोय, आजी. त्यानं बाळाला कधी आंघोळीचा टॉवेलसुद्धा दिला नाही. त्याला मी परत हवी आहे. मी गेले ना, तर ह्या वेळी परत येणार नाही.

पाळकबाई : शेवटच्या गाण्याला अजून वेळ आहे. मेंढपाळ आत्ता कुठं आलेत. आपण शांतपणे विचार...

आजी : गप्प बसा जरा. ऐका. हे कुठलं गाणं?

पाळकबाई : शेवटचंच. असं कसं? मधलं देवदूतांचं राहिलं.

आजी : खाल्लं पोरांनी. थंडीनं कुडकुडली, एक गाणं गिळून टाकलं. खिडकीची फट करते. उचललं. मरियेनं बाळ उचललं.

बाळाची आई : कुणाकडं आहे? आजी, कुणाकडं आहे?

आजी : मरिया झालेल्या पोरीच्या धाकट्या बापाकडं. तिला दोन बाप मिळून वाढवतात, दोघंही पुढंच बसलेत. आता थोरल्यानं घेतलं. मान धरलीय नीट, चांगला माणूस आहे. आता मागच्या रांगेत. त्या बाईकडं, देव बीव नाही म्हणून भांडते आणि सगळ्यांच्या आधी येऊन कांदे चिरते, तिच्याकडं.

बाळाची आई : मी जाते.

आजी : तू कुठं जात नाहीस. तू दिसलीस की त्याचं काम झालं. बस. पाळकबाई, तुम्ही पुढं जाऊन गव्हाणीपाशी उभ्या राहा. हसा. रोज हसता तसं नको, ते खोटं वाटेल आज. थोडं कमी.

पाळकबाई : आणि तुम्ही?

आजी : पाहुण्याला चहा द्यायचा राहिलाय. तो कप दे. मोठा. काठोकाठ भर.

बाळाची आई : आजी, तो ढकलेल तुम्हाला.

आजी : मला ढकलणं सासूला जमलं तेवढंच. ती गेली, ती कलाही तिच्याबरोबर गेली. आतून कडी घाल. पाळकबाई बाळ घेऊन आल्या तरच काढ.

(मागचं छोटं बाक. एका बाजूला भिंत, समोर खांब. पुढं गाणं चालू आहे.)

आजी : सरक बाबा जरा.

माणूस : आजी, इथं काही दिसत नाही. पुढं जागा आहे ना.

आजी : पुढचं सगळं बघून झालंय माझं ह्या जन्मात. हा घे. धर की. दोन्ही हातांनी धर, कढत आहे.

माणूस : मी चहा घेत नाही.

आजी : घेऊ नको, धर नुसता. म्हातारीच्या अंगावर सांडेल. हां. असा.

माणूस : छान आहे तुमचं चर्च. उबदार. सगळे आपुलकीनं बोलतात.

आजी : बोलतात खरं. जरा जास्तच बोलतात.

माणूस : दारावरचे काका सांगत होते, पहिल्यांदा आलेल्या माणसाला मान असतो म्हणे. बाळाला शेवटी त्यानं न्यायचं.

आजी : सांगितलं का त्यानं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

माणूस : गोड बाळ आहे. कुणाचं?

आजी : आमचं.

माणूस : चर्चला मुलं होत नाहीत, आजी. आईबापांना होतात.

आजी : होतात. मग त्यांना कुशीत घ्यायला लागतं, रात्रभर खोकला ऐकायला लागतो. ते ज्यानं केलं त्याचं.

माणूस : आलं बघा. आपल्या पुढच्याच रांगेत आलं.

आजी : शिंपीणबाई, इकडं. माझ्याकडं दे. अगं, तो नवखा आहे ते कळलं मला, पण हातात कढत चहा आहे त्याच्या, दिसत नाही का तुला? माझ्याकडं दे. ये रे माझ्या राजा. ये.

माणूस : कप ठेवला मी खाली. द्या.

आजी : आत्ता तर आलं माझ्याकडं. सगळ्यांना क्षणभर मिळतं, मला तेवढंही नको का?

माणूस : झाला क्षण. द्या, आजी.

आजी : कान बघ कसा गार पडलाय.

माणूस : माझाच कान आहे तो. मी बाप आहे त्याचा. उगीच नाटक करू नका, तुम्हाला माहीत आहे. त्याची आई स्वयंपाकघरात आहे. ती सूप द्यायची खिडकी धाडकन लागली ना, तेव्हाच कळलं मला.

आजी : हळू बोल. दचकेल ते.

माणूस : मी हळूच बोलतोय. मी नेहमी हळूच बोलतो.

आजी : शिंपीणबाई, धर. हो, परत. यंदा उलटं न्यायचंय. मागून पुढं. ज्यानं त्यानं पुन्हा एकदा धरायचं, आणि शेवटी पाळकबाईंच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. असं कधी केलं नाही म्हणजे काय? पहिल्यांदा केलं तेव्हाही कधी केलं नव्हतं. सांग पुढं, आजी म्हणाली म्हणून सांग. आणि गाणं म्हणत राहा, थांबू नका.

माणूस : काय केलंत हे?

आजी : बाळ पुढं दिलं.

माणूस : उठा. मला बाहेर यायचंय.

आजी : गुडघे धरलेत. एकदा बसले की मला उठवायला दोघं लागतात.

माणूस : ओलांडून जाईन मी.

आजी : जा. तिकडं भिंत, इकडं मी. ढकलावं लागेल थोडं. पण आधीच सांगते, मी पडले की गुपचूप पडत नाही. सगळे वळून बघतील. एवढ्या लोकांसमोर तुला सवय नसेल.

माणूस : तुम्ही घाबरलाय.

आजी : घाबरलेच आहे. पण मी बसलेय ना इथं? तेवढं बघ.

माणूस : पोलीस आले तरी ते एकच विचारतील, मूल कुणाचं.

आजी : विचारू देत. आजूबाजूच्या सगळ्यांनी दोन दोनदा छातीशी धरलंय त्याला. एकेकाला विचारत बसावं लागेल त्यांना.

माणूस : मला फक्त एकदा बघायचं होतं त्याला.

आजी : असेल. मला नाही कळत तुझं कुठलं खरं आहे. तुलाही कळत नसेल.

माणूस : कुठवर गेलं?

आजी : पाळकबाईंनी घेतलं. चालल्या आत. कडी निघाली... आणि लागली.

माणूस : सगळ्यांना मिळालं. माझाच नंबर राहिला.

आजी : राहिला नाही, बाबा. तुझा नंबर घरी असतानाच येऊन गेला.

माणूस : मग आता?

आजी : आता काही नाही. पोलीस येईपर्यंत आपण दोघं इथंच बसू.