मानपत्रातलं तिसरं वाक्य

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या आपल्या ग्रंथपाल धाकट्या बाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आधीच्या ग्रंथपाल थोरल्या बाई, आणि माझ्या वाचक बंधू-भगिनींनो,

वाचकांच्या वतीने चार शब्द बोलावेत म्हणून मला इथे उभं केलं आहे. भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहू दे. मगाशी चिटणिसांनी मानपत्र वाचलं, त्यातल्या तिसऱ्या वाक्याबद्दलच मला आता बोलायला हवं. 'फिरत्या वाचनालयाची गाडी बाईंनी सुरू केली.' आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या धाकट्या बाई कानाशी म्हणाल्या, "अहो, माझी कुठली गाडी? थोरल्या बाईंची ती. दूधवाल्याची मोडीत निघालेली गाडी त्यांनी मागून आणली, आत फळ्या स्वतः ठोकल्या. मी तेव्हा शिकाऊ होते, शिक्के मारायचे. ज्ञानकोशात कुणीतरी हे घुसवलंय. मी पुरावा मागितला, तर 'निर्भीड' नावाचा एक गृहस्थ अंगावरच आला."

मंडळी, तो निर्भीड गृहस्थ मी.

बाई, अशा बघू नका हो. मला पुढचं बोलता येणार नाही.

निवृत्तीनंतर घरात माझी लुडबुड फार वाढली, तेव्हा सूनबाईंनी मला इकडे पिटाळलं. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा जो ज्ञानकोश आहे, त्यात भर कशी घालायची याचा वर्ग बाई दर शनिवारी मागच्या खोलीत घ्यायच्या. पहिल्या दिवशी मी कुठल्याशा लेखात एक स्वल्पविराम टाकला आणि घरी जाऊन जग जिंकल्यासारखा जेवलो. बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मनाचं काही लिहायचं नाही, आणि स्वतःबद्दलच्या मजकुराला हात लावायचा नाही; फार तर चर्चापानावर शंका विचारायची. मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

मग घरी सूनबाईंकडून 'निर्भीड' या नावाचं खातं उघडून घेतलं. आपल्या वाचनालयाच्या लेखात बाईंचं नावच नाही, हे पाहून मला वाईट वाटलं. मी या गावात उशिरा आलो. गाडीच्या मागच्या दारात उभ्या राहून पुस्तकं देणाऱ्या बाईच तेवढ्या मी पाहिल्या होत्या. त्यांच्या हातात पुस्तकं, म्हणजे गाडी त्यांनीच सुरू केली, असं धरून मी ते वाक्य ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यापुढे बारीक अक्षरात आलं, 'संदर्भ हवा'. चर्चापानावर कुणीतरी अगदी नम्रपणे विचारलं होतं, "हे आपण कुठे वाचलंत?" मी उत्तर दिलं, "डोळ्यांनी पाहिलं आहे. आपण कोण विचारणार?"

शनिवारी वर्गात मी बाईंकडेच तक्रार केली, "काय एकेक लोक असतात हो तिथे, नुसता त्रास!"

बाई म्हणाल्या, "त्रास नाही हो, काम करतात ते."

पुढचं ऐकाल तर हसाल. आमचे मेव्हणे साप्ताहिक चालवतात. ते बघा, खांबाआड सरकले. अंकात जागा उरली म्हणून त्यांनी ज्ञानकोशातला तो मजकूर उचलून छापला. मला तर आनंदाचं भरतं आलं! मी लगेच त्या अंकाचा संदर्भ जोडला आणि 'संदर्भ हवा' काढून टाकलं. माझंच वाक्य मेव्हण्यांच्या घरून फिरून आलं आणि मी ते पुरावा म्हणून मिरवलं. मानपत्र लिहिणाऱ्यांना ते छापील सापडलं. त्यांचा काय दोष?

बाईंना ते एका क्षणात खोडता आलं असतं. पण वाक्य त्यांच्याबद्दलचं होतं, म्हणून त्यांनी हात लावला नाही. आपणच शिकवलेला नियम त्यांनी पाळला, आणि मी त्यांच्याच वर्गात बसून तो मोडत होतो. मला आज फार लाज वाटते आहे. कौतुक करायला गेलो आणि निरोपाच्या दिवशी बाईंच्या माथी दुसऱ्याचं श्रेय मारून बसलो.

अडचण अशी की खोट्याला आता छापील पुरावा आहे आणि खऱ्याला नाही. मी उद्या दुरुस्ती केली, तर कुणीतरी विचारेलच, "हे कुठे वाचलंत?" आणि त्याने विचारायलाच हवं.

म्हणून अध्यक्ष महोदय, मानपत्र अजून बाईंच्या हाती दिलेलं नाही, ते कृपा करून तसंच ठेवा. चूक छापल्याचं मेव्हणे येत्या अंकात सांगतील. गाडीबद्दल थोरल्या बाईंना विचारून लिहा. मला विचारू नका.

बाई, मला शिकवल्याबद्दल मी आपला ऋणी आहे, जे शिकलो नाही ते माझं. सभेने माझं ऐकून घेतलं, आभारी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात रसभंग केला, बोलताना कुणाला लागलं असेल, तर माफी असावी.

आणि थोरल्या बाई, आपल्याला ऐकू कमी येतं, तेव्हा मी खाली येऊन हे पुन्हा सांगणार आहे. मगाशी ते तिसरं वाक्य झालं, तेव्हा शेजारणीने ते आपल्या कानात सांगितलं आणि आपण हसून टाळ्या वाजवल्यात. सगळ्यांच्या थांबल्यावरही आपल्या चालूच होत्या. मी इथून बघत होतो.